टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर मान वाकडी

प्रश्न : आमच्या ७ वर्षांच्या मुलीचे टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड पूर्ण भूल देऊन काढले. पाचव्या दिवशी उठली तीच मान वाकडी करून. डोकं डाव्या खांद्याकडे, हनुवटी उजवीकडे. सरळ करायला गेलं की रडते. झोपेत अवघडली असेल, तेल लावून चोळा, असं घरचे म्हणतात. चोळावी का?

उत्तर : नको. शेक-मालिश नको, आणि मान जोर लावून सरळ करणं तर मुळीच नको. आजच सर्जनना दाखवा.

या ऑपरेशनमध्ये मान मागे ताणून ठेवतात. भुलेत स्नायू सैल असल्याने ताण जास्त बसला तरी रुग्णाला कळत नाही. पण त्याने आखडलेली मान पहिल्या-दुसऱ्या दिवशीच दुखते आणि रोज थोडी सुटत जाते. मेटोक्लोप्रमाइडसारख्या उलटीच्या औषधानेही मान पिळवटते, कधी बुबुळं वर चढतात. तेही बहुधा औषधानंतर २४ ते ७२ तासांतच, आणि उताऱ्याच्या इंजेक्शनने लवकर सुटतं.

पाचव्या दिवशी वाकडी झालेल्या मानेत संशय वेगळा. घशामागची सूज मानेच्या वरच्या दोन मणक्यांपर्यंत पोचते, अस्थिबंध (हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे) ढिले पडतात आणि पहिला मणका दुसऱ्यावर फिरून अडकतो. याला ग्रिसेल सिंड्रोम म्हणतात. दुर्मीळ आहे, पण मुलांतच जास्त. कानाच्या ऑपरेशननंतरही होतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचे अस्थिबंध मुळातच सैल, म्हणून भूलतज्ज्ञांना ते आधी सांगावं. एक खूण : साध्या आखडण्यात डोकं कललेल्या बाजूचा स्नायू ताठ लागतो, ग्रिसेलमध्ये हनुवटी वळलेल्या बाजूचा. पण चाचपून निदान घरी करू नका.

वाकड्या मानेचा साधा एक्स-रे वाचायला अवघड, म्हणून सीटी स्कॅन लागतो. पहिल्या मणक्याची पुढची कमान आणि दुसऱ्याचा खुंट (वर आलेलं टोक) यांतलं अंतर त्यात मोजतात. ५ मिलिमीटरच्या वर गेलं तर काळजी मोठी.

मान वाकडी झाल्यापासून पहिल्या आठवड्यात पकडलं तर मऊ कॉलर, वेदनाशामक आणि जंतुसंसर्गावर अँटिबायोटिक एवढ्यावर बहुतेकदा भागतं. उशीर झाला की दवाखान्यात वजन लावून मान ताणावी लागते. महिना उलटला तर मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येऊ शकते.

ताप, लाळ गळणं, गिळता न येणं, श्वासाला त्रास, हातापायांत मुंग्या किंवा चालताना तोल जाणं, यांपैकी काहीही दिसलं तर थेट तातडीच्या विभागात न्या. नेताना मान आहे त्याच स्थितीत राहू द्या, फक्त बाजूंना गुंडाळलेल्या टॉवेलचा आधार द्या.