टिलर ओढतोय? आधी बूमखालून वर बघा

जे-२४ या शिडाच्या बोटीवर दोन सीझन जेनोआ (पुढचं मोठं शीड) सांभाळलं, आता मेन (डोलकाठीमागचं मुख्य शीड) हातात आलंय. वारा वाढला की बोट आपणहून वाऱ्याकडे तोंड फिरवते, टिलर (सुकाणूचा दांडा) दोन्ही हातांनी धरावा लागतो, आणि एवढ्या दोऱ्यांतली नेमकी कुठली सोडायची ते सुचत नाही, असं तुम्ही विचारलंय.

बाकीच्या दोऱ्या तूर्त विसरा. पहिला महिना फक्त मेनशीट आणि ट्रॅव्हलरवर काढा. मेनशीट, म्हणजेच शीट, ही बूम (मेनच्या तळाचा आडवा दांडा) ओढणारी दोरी; ट्रॅव्हलर म्हणजे त्या दोरीचं खालचं टोक बोटीत आडवं सरकवणारी गाडी.

शीट ओढली की बूम आत येतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण वाऱ्याला धरून वर चढताना, म्हणजे वारा येतो त्या दिशेने तिरकं जाताना, बूम आधीच जवळपास मध्यावर असतो. तिथून पुढे ओढलेली शीट बूमला आत आणत नाही, खाली दाबते. बूम दबला की शिडाची मागची कड ताणते आणि वरच्या भागातला पीळ निघून जातो. हा पीळच तर हवा असतो. डोलकाठीच्या टोकाला वारा पाण्यालगतपेक्षा जोराचा असतो आणि बोटीवर तो जरा मागून आल्यासारखा लागतो, म्हणून वरचं शीड खालच्यापेक्षा थोडं उघडं असावं लागतं.

पीळ डोळ्यांनी दिसतो. बूमखाली डोकं घाला आणि सरळ वर बघा. सगळ्यात वरची बॅटन (शिडात बसवलेली पट्टी) बूमला समांतर दिसली पाहिजे. तिच्या टोकाची टेलटेल (वारा दाखवणारी बारीक फीत) साधारण निम्मा वेळ मागे उडावी, निम्मा वेळ शिडाआड दडावी. सारखीच दडून बसली तर शीट जास्त झालीय, इंचभर सोडा. दडतच नसेल तर अजून ओढायला जागा आहे. इंचभर म्हणजे इंचभरच. नवीन माणूस घाबरून हातभर सोडतो आणि बोट वर चढायचीच थांबते.

आता तुमचा टिलर. मेन बोटीचा मागचा भाग वाऱ्याआड ढकलतं, म्हणून नाक वाऱ्याकडे वळतं. त्यात बोट कलली की ओढ आणखी वाढते. मुंबई बंदरात दुपारी खारा वारा कुलाब्याच्या इमारतींवरून येतो तो एकसारखा येत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. धक्का आला की शीटला हात न लावता ट्रॅव्हलर वाऱ्याआडच्या बाजूला सोडा. पीळ तसाच राहतो, अख्खं शीड उघडतं, बोट सरळ होते. धक्का ओसरला की ट्रॅव्हलर परत वर, वाऱ्याच्या बाजूला. टिलरला किंचित ओढ राहू द्या, तीन-चार अंशांची. त्याहून जास्त झाली की सुकाणू ब्रेकचं काम करतं.

शीट क्लीटमध्ये (दोरी पकडून ठेवणाऱ्या चिमट्यात) अडकवून निवांत बसू नका. पहिल्या वर्षी मी बसलो होतो. धक्का आला, बोट गर्रकन फिरली, समोर नांगरलेली लाँच, आणि ताणलेली शीट क्लीटमधून निघता निघेना. थोडक्यात वाचलो. सोबतचे म्हातारे तांडेल काही बोलले नाहीत, नुसते माझ्या रिकाम्या हातांकडे बघत राहिले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

बाकीचं थोडक्यात. बॅकस्टे (डोलकाठीच्या टोकापासून मागे जाणारी तार) ओढला की डोलकाठी वाकते आणि शिडाचं पोट कमी होतं. कनिंगहॅम (शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी) ते पोट पुढे सरकवतं. आउटहॉल (शिडाचा तळ बूमवर मागे ताणणारी दोरी) खालच्या भागापुरता. वाऱ्याबरोबर उतरताना शीट सुटलेली असते, तेव्हा बूमला खाली धरणारा व्हँगच. पण जोराच्या वाऱ्यात बूमचं टोक पाण्याला टेकायला लागलं की आधी व्हँग सोडा.

शीटवर काळ्या मार्करने एक खूण करून ठेवा: टेलटेल नीट उडत असताना शीट जिथे होती तिथे. त्या दिवशीचा वारा आठवणीने वहीत लिहा. चार-पाच दिवस हे करून बघा आणि टेलटेल किती दडत होती, टिलर किती ओढत होता ते इथे सांगा. मग बॅकस्टेकडे वळू.