घटनेत स्थान असूनही महापालिका वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हाती कशी राहते? इतर संघराज्यांतही असंच असतं का?

घटनेत स्थान मिळालं, पण दोरी राज्याच्याच हातात राहिली. 'स्थानिक शासन' हा विषय आजही सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत, नोंद ५ वर आहे. हे स्थान देणाऱ्या ७४व्या घटनादुरुस्तीने (१ जून १९९३ पासून लागू) राज्याला काही बंधनं घातली, एवढंच.

त्यातलं कडक कलम २४३-यू. मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही. ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. बरखास्त करायचं तर आधी महापालिकेचं म्हणणं ऐकायचं आणि सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यायची. म्हणजे बरखास्तीला घटना आडवी येते. मुदत नुसती संपू दिली, तर आपोआप आडवं येणारं कुणी नाही. खरी मेख इथे आहे.

मुंबईचं बघा. निवडणूक घेतो राज्य निवडणूक आयोग, पण नगरसेवक किती हे राज्याचा कायदा ठरवतो. २२७ चे २३६ झाले, सरकार बदललं आणि पुन्हा २२७ झाले. आकडा हलला की प्रभागरचना नव्याने, मग हरकती, सुनावण्या, आरक्षण सोडत. त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी चाचणी आली (स्वतंत्र आयोग, मागासलेपणाची आकडेवारी आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत). मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि 'चार महिन्यांत निवडणुका घ्या' हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला मे २०२५ मध्ये.

अधिकारांचंही तसंच. बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत, पण २४३-डब्ल्यू म्हणतं, राज्य ते 'देऊ शकेल'. 'देईल' असं नाही. पैशाबद्दल एवढंच सांगतो, की २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर मुंबईची जकात गेली आणि तिच्या जागी राज्याकडून येणारी भरपाई आली.

बाहेर पाहिलं तर कॅनडात एवढंही संरक्षण नाही. २०१८ मध्ये टोरोंटोत उमेदवारी अर्ज भरून प्रचार सुरू असताना ओंटारिओ प्रांताने ४७ प्रभागांचे २५ केले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ५ विरुद्ध ४ अशा मतांनी ते वैध ठरवलं. नायजेरियाच्या घटनेत निवडून आलेल्या स्थानिक परिषदांची हमी आहे, तरी राज्यपाल (तिथे ते निवडून आलेले राज्यप्रमुख असतात) स्वतः नेमलेल्या काळजीवाहू समित्या बसवत आले. जुलै २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या. जर्मनीत मूलभूत कायद्याचं, म्हणजे तिथल्या घटनेचं, कलम २८ स्वशासनाची हमी देतं, आणि ती मोडली तर नगरपालिका स्वतः घटनात्मक तक्रार करू शकते. माझ्या मते हा दरवाजा नुसत्या हमीपेक्षा मोलाचा आहे.

आपल्याकडे त्याच्या जवळचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या किशनसिंग तोमर निकालात आहे: राज्य सहकार्य करत नसेल तर राज्य निवडणूक आयोगाने आधी उच्च न्यायालयात जाऊन आदेश मागावा. फक्त प्रभागरचनेच्या कायद्याला आव्हान देण्याच्या फंदात पडू नका, तिथे कलम २४३-झेडजी न्यायालयाचे हात बांधतं. 'निवडणूक घ्या' एवढीच मागणी करा.