ऑफिसचं इंटिरियर कसं करावं, म्हणजे लोकांना तिथे बरं वाटेल आणि ते आपसात मिसळतील?

तुम्ही लिहिलंय की साठेक माणसांचं ऑफिस नव्या जागेत जातंय, मालकांना भिंती नसलेला मोकळा हॉल, झाडांची भिंत, गेम रूम आणि रंगीत बीन बॅग हव्या आहेत, आणि एवढ्याने लोकांना खरंच बरं वाटेल का, अशी तुम्हाला शंका येतेय. शंका रास्त आहे. मी बरीच वर्षं ऑफिसांची कामं करतोय, तेव्हा आधी माझीच एक फजिती सांगतो.

एका ऑफिसात मी हौसेने 'कोलॅबोरेशन झोन' केला होता. खिडकीलगतची सगळ्यात चांगली जागा, गोल सोफे, वरून सोडलेले दिवे. फोटो इतके झकास आले की अजून पोर्टफोलिओत आहेत. तीन महिन्यांनी सहज डोकावलो, तर सोफ्यांवर कुरिअरची खोकी रचलेली. समोरच साहेबांची काचेची केबिन होती. त्या सोफ्यावर बसलेला माणूस म्हणजे काम नसलेला माणूस, हे कुणी न सांगताच सगळ्यांना कळलं होतं. गप्पा चालायच्या त्या प्रिंटरपाशी. तिथला कॉलम झाकताना कमरेच्या जरा वर नऊ इंचांचा एक कठडा निघाला होता, कोपर टेकण्यापुरता. माझ्या ड्रॉइंगमध्ये तो नव्हताच. सुताराने उरलेल्या प्लायचा करून टाकला होता.

माणसं मुद्दाम 'मिसळायला' कुठे जात नाहीत, जाता-येता भेटतात. एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी १९७०च्या दशकात इंजिनियरांच्या टेबलांमधलं अंतर आणि त्यांचं आपसातलं बोलणं यांची सांगड घालून पाहिली. अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने घटतं, आणि साधारण ५० मीटरच्या पुढे ते जवळपास उरतच नाही. म्हणून पाणी, प्रिंटर आणि पॅन्ट्री हॉलच्या शेपटाला ढकलू नका, सगळ्यांच्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आणा. शेजारी ४० ते ४२ इंच उंचीचा एक कठडा द्या. उभ्याने बोलणाऱ्याला 'आत्ता निघतोच' असं म्हणायची सोय असते, त्यामुळे तो निवांत थांबतो.

आता मोकळ्या हॉलबद्दल. पार्टिशनं काढली की लोक जास्त बोलतील, हे ऐकायला पटतं. पण २०१८ साली बर्नस्टीन आणि टर्बन यांनी दोन मोठ्या कंपन्यांत लोकांच्या अंगावर सेन्सर लावून हे मोजलं, तेव्हा समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलेलं निघालं, आणि ईमेल वाढले. यात मला नवल वाटलं नाही. चारी बाजूंनी दिसायला लागलं की माणूस हेडफोन चढवतो आणि स्वतःपुरती भिंत उभी करतो.

आवाजाचा खरा त्रास मोठ्या आवाजाचा नसतो, कळणाऱ्या शब्दांचा असतो. एसीची घरघर दिवसभर चालते, पण पलीकडचा कुणी फोनवर बिलाची तारीख सांगत असेल तर ती तारीख तुमच्या डोक्यात शिरतेच. सध्या सीलिंग उघडं ठेवून काळं रंगवायची फॅशन आहे. खाली टाइल्स, बाजूला काच आणि वर काँक्रीट म्हणजे आवाजाचा नुसता चेंडू होतो. पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर छतात घाला: मिनरल फायबरच्या टाइल्स किंवा लटकते फॅब्रिक पॅनल. एनआरसी (आवाज किती शोषला जातो त्याचं माप) ०.७ किंवा त्याहून जास्त मागा, म्हणजे पडलेल्या आवाजातला बहुतेक भाग शोषला जातो. शिवाय पाच-सहा फोन बूथ हवेतच. त्यांत एक्झॉस्ट फॅन लावायला विसरू नका, नाहीतर दहा मिनिटांत माणूस घामाघूम होऊन बाहेर येतो आणि पुन्हा आत जात नाही.

पण सगळ्यात महत्त्वाचं वेगळंच आहे, आणि ते कॅटलॉगमध्ये सापडत नाही. ग्लास आणि सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस लोकांना गोंगाटात बसवलं. काहींना एक बटण दिलं: अगदीच असह्य झालं तर दाबा. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरीही गोंगाट थांबल्यावर प्रुफं तपासायला दिली, तेव्हा बटणवाल्यांच्या चुका कमी होत्या. २०१० साली नाइट आणि हॅस्लम यांच्या प्रयोगात लोकांना आपल्या जागेतली झाडं-चित्रं मनासारखी मांडू दिली, तेव्हा काम सगळ्यात चांगलं झालं. मग संशोधकाने येऊन तीच मांडणी स्वतःच्या मर्जीने बदलली, आणि मिळालेला फायदा गेला. आम्हा डिझायनर मंडळींना हे जरा झोंबतं.

तेव्हा लोकांच्या हाताशी बटणं द्या. प्रत्येक टेबलाला स्वतःचा टास्क लाइट, प्रत्येक खिडकीचा पडदा वेगळा ओढता येईल असा, टेबलावर छोटा पंखा, आणि अवघड काम असेल त्या दिवशी शांत कोपऱ्यात जाऊन बसायची मुभा. तापमानावरून भांडणं होणारच. ऑफिसातलं तापमान ठरवण्याचं सूत्र जुनं आहे आणि त्यात सरासरी पुरुषाच्या शरीरातली उष्णता धरलेली आहे, हे २०१५च्या एका अभ्यासाने दाखवलं. स्वेटर घालून बसलेली बाई नाटक करत नसते.

झाडांनी हवा शुद्ध होते, हे मात्र सोडून द्या. नासाचा १९८९चा प्रयोग बंद पेटीतला होता. २०१९च्या आढाव्यानुसार खऱ्या इमारतीत तोच परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला निदान १० झाडं लागतील. झाडं ठेवा ती डोळ्यांसाठी. रॉजर उल्रिच यांना १९८४ साली आढळलं होतं की खिडकीतून झाडं दिसणारे पित्ताशयाचे रुग्ण विटांची भिंत बघणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. हवेसाठी ताज्या हवेचा डक्ट लागतो. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो. सध्याच्या मीटिंग रूममध्ये कार्बन डायऑक्साइडचा मीटर आठवडाभर ठेवा. बाहेर तो ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो, दार लावून आठ जण तासभर बसले की आत तो सहज १,००० च्या वर जातो. दुपारच्या मीटिंगमध्ये येणाऱ्या जांभया नेहमीच बोलणाऱ्यामुळे नसतात.

आणखी एक, बजेटचा दहावा हिस्सा राखून ठेवा आणि लोक तिथे बसायला लागल्यावर तीन महिन्यांनी खर्च करा. खोकी कुठे साचतात, कुठला दिवा कायम बंद असतो, गर्दी कुठे होते, हे तेव्हाच दिसतं. गेम रूमवरून मालकांशी वाद घालू नका. फक्त ती त्यांच्या केबिनसमोर येऊ देऊ नका.