‘ट्वायलाइट’मध्ये एवढं काय आहे? चौदा वर्षांच्या मुलीला वाचू द्यावी का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की मुलगी ‘रक्त पिणाऱ्या पोराची लव्हस्टोरी’ पांघरुणात टॉर्च लावून वाचत होती, म्हणून पुस्तक काढून घेतलं आणि कपाटाला कुलूप लावलं. आणि आता विचारताय, वाचू द्यावी का. म्हणजे आधी निकाल, मग सुनावणी. मला माझे वडील आठवले, म्हणून एवढ्या रात्री लिहायला बसले.

आमच्या आण्णांचं कोल्हापुरात राजारामपुरीत वाचनालय होतं. वाचनालय म्हणजे दहा बाय बाराचा गाळा. अभ्यासू मंडळी करवीर नगर वाचन मंदिरात जायची. ती संस्था १८५० सालची, तिचा रुबाबच वेगळा. आमच्याकडं यायचे ते बाकीचे. बाबूराव अर्नाळकर, नारायण धारप, सुहास शिरवळकर, दिवाळी अंक, आणि दुपारी बायका येऊन मासिकं बदलून न्यायच्या. महिन्याला चाळीस रुपये वर्गणी, शंभर रुपये अनामत. संध्याकाळी कॉलेजवरून आले की काउंटरवर मी.

२००९ च्या पावसाळ्यात एका आठवड्यात चार मुली येऊन ‘ट्वायलाइट आहे का?’ विचारून गेल्या. सिनेमाची सीडी तोवर वर्गावर्गातनं फिरून झाली होती. मी आण्णांपाशी विषय काढला. त्यांनी गोष्ट विचारली, मी सांगितली. सतरा वर्षांची बेला, पावसाळी गावात पोलीस असलेल्या वडिलांकडं राहायला येते, वर्गातल्या एडवर्डवर जीव जडतो, तो व्हॅम्पायर निघतो. आण्णा म्हणाले, “रगात पिणारं पोरगं, आणि त्याच्या मागं लागलेली पोरगी. असलं आपल्यात ठेवायचं? दोन वर्षांनी रद्दीवाला पण घ्यायचा नाही.”

मी अनामतीच्या डब्यातले चौदाशे रुपये उचलले आणि चारही भाग घेऊन आले. हे चुकलंच. अनामत लोकांची असते, हे मला तेव्हाही कळत होतं. रात्री हिशेबाला बसल्यावर आण्णांच्या लक्षात आलं. ओरडले नाहीत. चारही पुस्तकं टेबलाच्या खणात घातली, कुलूप लावलं, किल्ली बंडीच्या खिशात. आठ दिवस माझ्याशी अबोला. ताट वाढलं की “मीठ” म्हणायचे, तेही आईकडं बघून.

नवव्या दिवशी आईनं बंडी धुवायला घेतली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. ती पण काही बोलली नाही. आमच्या घरात बोलण्यापेक्षा न बोलणंच जास्त चालायचं.

आता ज्यामुळं माझं डोकं फिरलं ते सांगते. हेच आण्णा लेखक चंद्रकांत काकोडकरांची कायम बाजू घेणारे. काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, हायकोर्टानं दोषी ठरवलं आणि १९६९ साली सुप्रीम कोर्टानं सोडलं. ही हकीकत आण्णांनी गिऱ्हाइकांना किती वेळा ऐकवली असेल याची गणती नाही. “प्रेमाची गोष्ट वाचून कोण बिघडत नसतंय” हे त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं. मग मी म्हटलं, आण्णा, हीसुद्धा प्रेमाचीच गोष्ट आहे की. त्यांचं उत्तर, “ते वेगळं.” काय वेगळं ते आजतागायत सांगितलेलं नाही. आता ते ७४ वर्षांचे आहेत, मी अजून विचारते.

असो. तुमचा प्रश्न, त्यात काय आहे.

अ‍ॅरिझोनातल्या एका गृहिणीला, तीन मुलांच्या आईला, २ जून २००३ ला पहाटे स्वप्न पडलं. कुरणात एक मुलगी आणि एक चमचमणारा मुलगा बोलत बसलेत. त्याचं तिच्यावर प्रेम आहे आणि त्याच वेळी तिच्या रक्ताची त्याला भयंकर तहान लागलीय, तो कसाबसा स्वतःला आवरतोय. स्टेफनी मायरनं ते लिहून काढलं, तो पुढं पुस्तकाचा तेरावा अध्याय झाला. ऑक्टोबर २००५ मध्ये पुस्तक आलं. चारही भागांच्या मिळून दहा कोटींहून जास्त प्रती खपल्या. लिखाण म्हणाल तर बेताचं. एडवर्ड देखणा आहे हे बाई इतक्यांदा सांगते की आपण म्हणावं, होय बाई, कळलं, पुढं चल. ऊन पडलं की त्यांची कातडी हिऱ्यासारखी चमकते, म्हणून ते बिनउन्हाच्या फोर्क्समध्ये, म्हणजे बेलाच्या त्या पावसाळी गावात, राहतात, हेही मोठ्या माणसाला हसू येण्यासारखं. (पाऊस म्हणाल तर आमच्या गगनबावड्यात फोर्क्सपेक्षा बराच जास्त पडतो. व्हॅम्पायर आले असते तर तिथं त्यांची उत्तम सोय झाली असती.)

पण त्या स्वप्नातला तो ‘आवरतोय’ हा शब्द बघा. आपल्या पोरींना कळायला लागल्यापासून काय ऐकू येतं? ओढणी आवर. हसणं आवर. दिवे लागायच्या आत घरी ये. पोराचं काय, पोराची जातच तशी, आपणच सांभाळून राहायचं. आणि या पुस्तकात, कुणी काही न सांगता, आवरायची सगळी जबाबदारी त्या पोरावर. भूक त्याची, म्हणून ती दाबायचं कामही त्याचं. बेला आपली मनात येईल ते बोलते, जवळ जाते, भीतबीत नाही. चौदाव्या-पंधराव्या वर्षी हे वाचताना काय वाटतं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. दात, रक्त वगैरे सगळी वरची सजावट.

हे मला स्वतःला सुचलेलं नाही. आमच्याकडं एक काकू यायच्या, घरी डबे करून द्यायच्या, पंचेचाळिशीच्या. इंग्रजी अडखळत वाचायच्या, म्हणून रात्री भाकऱ्या थापताना लेक वाचून अर्थ सांगायची. पहिला भाग परत करायला आल्या तेव्हा मी विचारलं, आवडलं का? त्यांना कुरण आठवत नव्हतं, चमचमणं आठवत नव्हतं. हॉटेलातला प्रसंग आठवत होता. पोर्ट एंजेलिस या जवळच्या गावात बेलावर वाईट प्रसंग येता येता टळतो, एडवर्ड तिला हॉटेलात नेतो, स्वतः काहीच खात नाही आणि ती नीट जेवते का ते बघत बसतो. ब्रेडची टोपली तिच्याकडं सरकवतो. काकू म्हणाल्या, “बाई जेवत्याय आणि बाप्या समोर बसून बघतोय, पोटभर खा म्हणतोय. आमच्यात असं कधी झालंय काय गं? आम्ही सगळ्यांचं झाल्यावर, उरलेला रस्सा.” मग पिशवीतनं शंभराची नोट काढून म्हणाल्या, पुढचा भाग दे.

आण्णा शेजारीच पावत्या लावत बसले होते. मान वर केली नाही, पण ऐकलं.

वर्षभरात पहिला भाग ४७ वेळा गेला. इंग्रजी जाड पुस्तकाला मी दिवसाला तीन रुपये वेगळे लावले होते, त्यामुळं डब्यातले चौदाशे कधीच भरून निघाले. मराठी माध्यमातल्या कितीतरी मुलींनी आयुष्यात पहिल्यांदा जाडजूड इंग्रजी पुस्तक पार केलं ते हेच. दुसऱ्या भागात एडवर्ड बेलाला सोडून जातो, तिथं चार पानांवर नुसती महिन्यांची नावं आहेत, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. खाली एक अक्षर नाही. इतकं दुःख की सांगण्यासारखं काही घडलंच नाही. एका मुलीला वाटलं छपाईत चूक झालीय, ती भांडायलाच आली, पानं कोरी आहेत, पैसे परत द्या. मी समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा डोळे सुजलेले. “मी रात्रभर झोपलो नाही,” म्हणाली. (आमच्याकडं मुली असंच बोलतात, झोपलो, आलो, गेलो. पुण्याच्या लोकांनी दुरुस्त करायला येऊ नये.) तेव्हापासून ऑक्टोबरच्या पानावर मी पेन्सिलीनं लिहून ठेवलं, ‘पान कोरे नाही, वाचावे’.

आता तुमच्यासाठी खास. सगळ्या जगाचं भांडण एडवर्ड चांगला की जेकब, म्हणजे बेलावर जीव असलेला दुसरा पोरगा, चांगला यावर. मला विचाराल तर चार्ली. बेलाचा बाप. पोलीसप्रमुख, एकटा राहिलेला, पोरीशी चार वाक्यं बोलताना घाम फुटणारा. सुरुवातीलाच एका सकाळी रस्त्यावर बर्फ गोठलेलं असतं, बेला घाबरत घाबरत आपला जुना ट्रक चालवत शाळेत पोचते आणि खाली उतरून बघते तर चाकांना साखळ्या बांधलेल्या. बाप तिच्या आधी उठून, कुणास ठाऊक किती वाजता, बांधून निघून गेलेला. सांगितलंसुद्धा नाही. बेलाचा गळा भरून येतो. एडवर्डसाठी मी एकदाही रडले नाही, या साखळ्यांना रडले.

त्याला कारण आहे. ४७ वेळा गेलेल्या पुस्तकाचं काय होतं ते वाचनालयवाल्यालाच माहीत. पुठ्ठा निघाला, पानांचे गठ्ठे सुटे झाले, मी रबरबँड लावून देत होते. २०१० च्या जुलैत एका सकाळी गाळा उघडला तर काउंटरवर पुस्तक, वर दोन किलोचं वजन ठेवलेलं. पानं फळीत आवळून, दाभणानं भोकं पाडून, मेणाच्या दोऱ्यानं शिवलेली. खळ अजून ओलसर होती. आतून जुन्या कॅलेंडरचं पान डकवलेलं, पाठीवर पांढऱ्या शाईनं आण्णांच्या वळणदार अक्षरात ‘ट्वायलाईट, भाग १’. आण्णा संध्याकाळी आले, माझ्याकडं न बघता म्हणाले, “बाइंडिंगचे वीस रुपये खर्चात टाक.”

मत बदललं का, म्हणाल तर नाही. परवासुद्धा म्हणाले, कचरा होता तो. शिवला का मग, विचारलं तर टीव्हीचा आवाज वाढवला.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. पुस्तकात खटकण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते मलाही तिशी ओलांडल्यावर नीट दिसलं. एडवर्ड रात्री बेलाच्या खोलीत शिरून ती झोपलेली असताना बघत बसतो, तिला पत्ताही नसतो. गोष्टीत गोड वाटतं, पण खरोखर कुणी असा आला तर थेट पोलीस ठाणं गाठायचं, हे मुलीला स्पष्ट सांगा. तिसऱ्या भागात ती जेकबला भेटायला जाऊ नये म्हणून तो तिच्या ट्रकच्या इंजिनातला भाग काढून ठेवतो. एकच ट्रक आहे बघा. बापानं त्याला साखळ्या बांधल्या आणि प्रियकरानं तो बंद पाडला, दोघंही म्हणणार तुझ्या काळजीपोटी केलं. तुमच्या कपाटाचं कुलूप यातलं कुठलं, ते तुम्हीच ठरवा. मी सांगितलं तर राग येईल.

चौथा भाग मात्र आत्ता नको. कोवळ्या वयात लग्न, लगेच दिवस जातात, बाळंतपणाचा प्रसंग अंगावर येतो. दोन वर्षं थांबलं तर काही बिघडत नाही. पहिला भाग वाचू दे, आणि टॉर्चच्या उजेडात डोळ्यांना ताण पडतो, दिवा लावून वाचू दे. तुम्ही पण वाचा, निदान तिसऱ्या अध्यायापर्यंत. साखळ्या तिथंच आहेत.

वाचनालय २०१६ मध्ये बंद केलं, उरलेली खोकी २०१९ च्या पुरात गेली. पहिला, तिसरा आणि चौथा माझ्या घरी असल्यामुळं वाचले. दुसरा मार्च २०११ मध्ये शाहूपुरीतल्या एका मुलीनं नेला तो परत आलेलाच नाही. मी दोनदा घरी जाऊन आले, ते कुटुंब बिऱ्हाड हलवून गेलं होतं. तिची शंभर रुपये अनामत अजून पाकिटात घालून ठेवलेली आहे. कुणाकडं असा दुसरा भाग असेल तर ऑक्टोबरच्या पानावर माझं पेन्सिलीचं अक्षर आहे का बघा. उशिराचा दंड घेणार नाही.