खुणेचा दगड रोवताना

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. फोनवर बोलली असतीस तरी चाललं असतं, पण तू चार पानं लिहिलीस, म्हणून मीही लिहूनच उत्तर देतोय. नोकरीतली पहिलीच हद्द कायम मोजणी, म्हणजे दोन शेतांमधली हद्द काढून खुणा करायचं काम, त्यात दोन चुलतभाऊ एकमेकांच्या अंगावर धावून गेले, एकाच्या बायकोनं रोव्हरची, म्हणजे उपग्रहाच्या मदतीनं जागा मोजणाऱ्या यंत्राची, काठी धरून ठेवली आणि तुला काम अर्धवट टाकून माघारी यावं लागलं. त्या रात्री तू जेवली नाहीस हे वाचून मलाही घास गेला नाही. तू विचारलंस, ‘सर, एकाच आजोबांची नातवंडं. एवढा द्वेष ही माणसं आणतात कुठून? आणि तो संपत का नाही?’

भूमी अभिलेखात, म्हणजे सरकारच्या जमीन मोजणीच्या खात्यात, माझी तेहतीस वर्षं गेली. बांधावर उभं राहून जे दिसलं तेवढंच सांगतो.

आधी जमिनीचं, कारण तिथं तुझी थोडी घाई झाली आहे. तू लिहिलंस, ‘फूटभर जागेसाठी!’ असं म्हणू नकोस, आणि त्यांच्यासमोर तर कधीच म्हणू नकोस. नांगरताना बांधाकडेनं एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, जास्त मारलं की वर्षाला अर्धा फूट बांध सरकतो. बांध ३३० फूट लांब असेल, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबानं दहा साखळ्या, तर वर्षाला १६५ चौरस फूट गेले. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. साडेसहा वर्षांत एक गुंठा जातो. आणि ज्याचा जातो त्याच्याकडे मुळात असतं किती? महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या कृषी गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. आज्याला जो गुंठा सोडून देणं परवडत होतं, तो नातवाला परवडत नाही. त्याचा राग खरा आहे.

त्यात कागदाची भर. विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून जी पद्धत बसवली, तिच्यावरच पुढं आपली सगळी मोजणी उभी राहिली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणायचे. माणसांनी उन्हात चालून घेतलेली मापं होती ती. मग १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरणाच्या कायद्याखाली सर्व्हे नंबरांचे गट झाले आणि कितीतरी गावांत ताबा एकाचा, सातबारा दुसऱ्याचा असा घोळ होऊन बसला. २०२३ च्या जानेवारीत शासनानं सलोखा योजना आणली ती याच गुंत्यासाठी. निदान बारा वर्षं एकमेकांच्या जमिनीचा ताबा असेल, तर हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी भरून अदलाबदल करून घ्यायची. सोय फार चांगली. पण दस्तावर दोघांच्या सह्या लागतात. कोर्टात लाखभर रुपये घातलेली माणसं दोन हजारांत सुटायला तयार नसतात, कारण त्यासाठी दुय्यम निबंधकाच्या दारात एका बाकावर शेजारी बसावं लागतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला नेहमी त्या बाकाशी सापडत आलं आहे.

एक मोजणी सांगतो. नव्वदीची सुरुवात, भीमेच्या काठचं गाव. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. प्लेन टेबल आणि साखळीचे दिवस. दोन चुलत घराणी, मधे ३३० फुटांचा बांध, बांधावर एक चिंच. चौदा वर्षांचं वैर, दिवाणी दावा चालू, फौजदारी एक होऊन गेलेली. टिपण काढलं, गुणाकार बुक पाहिलं, म्हणजे जुन्या मोजणीच्या नोंदी तपासल्या, दुपारी दोनच्या सुमाराला हद्द निघाली. एका टोकाला बांध अडीच फूट सरकलेला, दुसऱ्या टोकाला बरोबर जागेवर. निमुळती पट्टी. हिशेब केला तर चारशे बारा चौरस फूट, म्हणजे गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. अर्जदार म्हणजे सत्तरीचे एक आजोबा. निकाल त्यांच्या बाजूनं लागला होता. मला वाटलं, आता हे दगडाकडे बघतील, पोरांना म्हणतील, रोवा.

त्यांनी दगडाकडे पाहिलंच नाही. मला म्हणाले, ‘साहेब, दगड राहू द्या. ह्यांना एवढं विचारा, माझ्या बापाच्या मातीला का आले न्हाईत.’

पलीकडून त्यांच्याच वयाचा चुलतभाऊ ओरडला, ‘निरोप कुठं दिला व्हता आमाला?’

‘पोरगं धाडलं व्हतं.’

‘आमच्या वस्तीवर कोन बी आलं न्हाई.’

एवढ्यावर दोन्हीकडची माणसं उठली. मी मधे शिरलो आणि, का कुणास ठाऊक, विचारलं, महिना कोणता होता? आषाढ, आजोबा म्हणाले. दोन वस्त्यांच्या मधे ओढा होता, सकाळी मीच तो ओलांडून आलो होतो. विचारलं, त्या दिवशी ओढ्याला पाणी होतं का?

कुणी बोललं नाही. दोन्ही घरच्या म्हाताऱ्या बांधाच्या दोन बाजूंना पदर सावरून बसल्या होत्या, त्यांनी एकदा एकमेकींकडे पाहिलं. निरोप घेऊन गेलेलं ते पोरगं तेव्हा दहा-बारा वर्षांचं असणार. ओढ्याच्या पाण्याला भिऊन मागं फिरलं असेल आणि घरी मार बसेल म्हणून ‘सांगून आलो’ म्हणालं असेल. किंवा तसं काही झालंही नसेल. चौदा वर्षांत हा प्रश्न कुणी कुणाला विचारला नव्हता, कारण विचारायला बोलावं लागतं आणि बोलणं तर त्याच दिवशी बंद झालेलं. बांध त्याच्या पुढच्या पेरणीला सरकू लागला.

तुला वाटेल, इथं दोघं गळ्यात पडले असतील. तसं झालं नाही. दगड रोवला, जबाब झाले, पंचनाम्यावर सह्या झाल्या, मी निघालो. दावा पुढं चालूच राहिला. काही वर्षांनी त्या गावात दुसऱ्या कामाला गेलो तेव्हा कळलं, की आजोबा वारले. चुलतभाऊ मातीला आला नाही, पण त्याच्या घरानं दहा दिवस सुतक पाळलं. देवाला दिवा लावला नाही, घरातलं ठरलेलं शुभकार्य पुढं ढकललं. तोंड बघायचं नाही, पण सुतक धरायचं. या गोष्टीवर मी आजही विचार करतो. आपला नसलेल्या माणसाचं सुतक कुणी धरत नाही.

मला वाटतं वैर टिकतं ते असं. मूळ घाव कुठंतरी मानाचा असतो, त्याचं नाव घेणं कमीपणाचं वाटतं, म्हणून तो बांधाच्या, पाण्याच्या, रस्त्याच्या नावानं बोलला जातो. आपण येऊन बांध मोजतो आणि घाव मोजायचा राहून जातो. मग बोलणं बंद होतं, आणि समोरच्या घरात काय चाललंय हे आपलं आपणच ठरवायला लागतो. त्यांनी विहिरीवर मोटार बसवली ती आपलं पाणी तोडायला. त्यांच्या पोरानं हॉर्न वाजवला तो आपल्याला डिवचायला. दहा वर्षांत समोरचा माणूस सगळा आपल्या मनातूनच तयार झालेला असतो. आणि पोरं? ‘त्यांच्या अंगणात खेळायला जायचं नाही’ एवढं एक वाक्य सात वर्षांच्या मुलाला पुरतं. जमिनीला वारस लावायला तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो, फेरफार मंजूर व्हावा लागतो. वैराला यातलं काही लागत नाही.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. भावकीतल्या एका घरात चार भाऊ असायचे. त्यांचं आपसात पटत नसे. थोरल्यानं ट्रॅक्टर परस्पर भाड्यानं दिला, धाकट्याला सोसायटीचं कर्ज सांगितलं नाही, असल्या शंभर तक्रारी. पण समोरच्या घराचं नाव निघालं की चौघं एक व्हायचे. वैरानं ते घर बांधून ठेवलं होतं. ते संपलं असतं तर चौघांना एकमेकांचा हिशेब बघावा लागला असता. मोठमोठ्या समाजांचंही असंच चालतं असं मला वाटतं, आणि ज्यांना लोक एका मुठीत ठेवायचे असतात त्यांना हे आपल्या आधीपासून ठाऊक आहे.

माझ्या मुलीनं मानसशास्त्र घेतलं होतं तेव्हा तिच्याकडून हेन्री ताजफेल हे नाव कळलं. पोलंडमधला ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांच्या हाती सापडला, कैदेतून सुटला तेव्हा घरचं कुणी उरलं नव्हतं. हा माणूस पुढं इंग्लंडला गेला आणि तुझाच प्रश्न घेऊन बसला. ब्रिस्टलच्या चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांवर त्यानं प्रयोग केले, ते १९७० मध्ये छापून आले. तुला क्लेची चित्रं आवडतात, तुला कँडिन्स्कीची, असं सांगून त्यानं मुलांचे दोन गट पाडले. खरं तर गट कसेही पाडले होते, आणि आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना माहीत नव्हतं. मग एकेकाला इतरांत पैसे वाटायला सांगितले. पुष्कळ मुलांचा कल असा दिसला, की आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण समोरच्या गटाला त्याहून बरंच कमी मिळालं पाहिजे. मधे बांध नाही, ओढा नाही, आज्याची माती नाही. मला तो लाखभर रुपये खर्चणारा आणि दोन हजारांची सही न करणारा माणूस आठवला.

आता एक सांगतो, ते नीट वाच. सगळीच भांडणं दोन बरोबरीच्या घरांत नसतात. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला जमावानं एका दलित कुटुंबातल्या चौघांना ठार मारलं. त्या कुटुंबाच्या शेतातून रस्ता काढण्यावरून वाद होता. कागदावर पाहिलं तर तो आपल्याकडे रोज येतो तसलाच वाद. पण एका बाजूला एकटं घर आणि दुसऱ्या बाजूला अख्खं गाव असेल, तर त्याला भावकीचं भांडण म्हणणं खोटं आहे. तिथं ‘दोघांनीही थोडं समजून घ्या’ असं म्हणणारा अधिकारी जमावाच्या बाजूला जाऊन उभा राहतो. गायरानाची मोजणी असेल, एकट्या विधवेचा हिस्सा असेल, वस्तीवरच्या एखाद्याच घराची हद्द असेल, तर गेल्यावर आधी बघ कोण बसलेलं आहे, कोण उभं आहे, आणि कोण लांबच थांबलं आहे. जो लांब थांबलाय त्याच्याजवळ स्वतः चालत जा. त्याचा जबाब त्याच्याच शब्दांत लिही. बंदोबस्त मागायचा तर अशा ठिकाणी आधीच मागून ठेव.

माझ्या हातून घडलेलंही तुला कळायला हवं. नोकरीचं तिसरं वर्ष. सकाळपासून ऊन, मोजणी आटपायला तीन वाजले, अर्जदारानं जेवायचा आग्रह केला आणि मी जेवलो. भूक लागली होती. त्यात गैर काही असेल असं मनातही आलं नाही. माझी मोजणी बरोबर होती, पुढं निमताना मोजणीत, म्हणजे हरकतीनंतरच्या फेरमोजणीत, वरिष्ठांनी तीच हद्द कायम केली. पण त्या संध्याकाळी गावभर झालं, ‘साहेबानं मटण खाऊन दगड रोवला.’ रात्री दगड उपटला गेला. सकाळी एकोणीस वर्षांच्या पोराच्या डोक्यात खोऱ्याचा दांडा बसला. जगला तो, पण एका कानानं ऐकू येणं कायमचं गेलं. हद्दीची खूण हलवणाऱ्याला दंड करायला जमीन महसूल संहितेत कलम १४५ आहे. माझ्या त्या जेवणाला कुठलं कलम नव्हतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी मोजणीच्या गावात पाण्याची बाटली आणि भाकरी घरूनच नेली.

तुझी पुढची तारीख लागेल. नोटीस टपालानं गेली अशी फाइलवर नोंद असते, तेवढ्यावर राहू नकोस. दोन्ही घरांना स्वतः फोन कर, आणि ‘मिळाली’ असं त्यांच्या तोंडून ऐक. निरोपाचं काय होतं ते वर लिहिलंच आहे. चहा दोघांकडे घे नाहीतर कुणाकडेच घेऊ नकोस. ती काठी धरून बसलेली बाई, तिला एकदा विचार की तिचं नेमकं काय गेलंय. ती बांधाचं सांगेल. मग आणखी थोडा वेळ थांब.

आणि टेप घेऊन जा. रोव्हर तुझा तू एकटीच चालवतेस, त्याला दुसरं माणूस लागत नाही. साखळीला लागायचं. मी एक टोक अर्जदाराच्या पोराच्या हातात द्यायचो, दुसरं लगतदाराच्या, म्हणजे शेजारच्या शेतवाल्याच्या. साखळी ढिली राहून चालत नाही आणि जास्त खेचूनही चालत नाही, त्यामुळं दोघांना एकमेकांच्या हाताकडे बघत उभं राहावं लागायचं. ‘थोडं ढिलं सोड’, ‘आता धर’, एवढं तरी बोलणं व्हायचंच. कित्येक वर्षांनी बोललेले ते पहिले शब्द मी स्वतः ऐकले आहेत. रोव्हरवरून खुणा काढून झाल्या की दोन खुणांमधलं अंतर त्यांच्याच हातून एकदा टेपनं ताडून घ्यायला लाव. नकाशाला त्याची गरज नसते, तरी लाव.

माझी तीस मीटरची टेप कपाटात आहे. पहिल्या दोन मीटरवरचे आकडे पुसट झालेत, बाकी चांगली आहे. तारखेच्या आधी येऊन घेऊन जा.

तुझा,
सर