वाचलेले आठवत का नाही?

प्रश्न : मी बोरिवलीला राहतो आणि फोर्टमधील एका बँकेत नोकरी करतो. वय ४६. पदोन्नतीच्या परीक्षेसाठी रोज सकाळी चर्चगेट फास्टमध्ये नोट्स दोन-तीनदा वाचून काढतो, पण आठवडाभराने त्यातले काहीच आठवत नाही. घरीही चष्मा कुठे ठेवला, गॅस बंद केला की नाही, याचा घोळ होतो. स्मरणशक्तीचे टॉनिक सुरू करावे का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : आपल्या या दोन तक्रारी वेगवेगळ्या आहेत. चष्मा ठेवताना लक्ष फोनवरच्या मेसेजमध्ये असेल, तर त्याची मेंदूत नोंदच होत नाही. चष्म्याला घरात एक जागा ठरवून टाका आणि गॅसचे बटण फिरवताना ‘गॅस बंद केला’ असे मोठ्याने म्हणा. घरचे हसतील, हसू द्या.

परीक्षेचे दुखणे निराळे आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून १८८५ मध्ये दाखवून दिले की, विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वाधिक असतो आणि पाठांतराचा निम्म्याहून अधिक भाग तासाभरातच निसटतो. यावर उपाय उजळणीचा. मात्र उजळणी म्हणजे तेच पुन्हा वाचणे, असे समजण्यात बहुतेकांची गफलत होते. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी संशोधकांच्या २००६ मधील प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतर, न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांनी त्यांना मागे टाकले. दुसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपल्याला तो येतो असा समज होतो, एवढेच.

तेव्हा बोरिवली ते अंधेरी एक प्रकरण वाचा, मग नोट्स बॅगेत टाकून दादर येईपर्यंत त्यातले मुद्दे मनातल्या मनात मांडा आणि जेथे अडाल तेवढेच पुढे उघडून पाहा. अंधेरीनंतरच्या गर्दीत नोट्स धरायला हात मोकळा नसला, तरी हे जमते. तेच प्रकरण दुसऱ्या दिवशी, नंतर तीन-चार दिवसांनी आणि पुढे आठवड्याने असेच आठवून पाहा. तेवढा वेळ फोन बॅगेच्या तळाशी असावा.

रात्री जागून अभ्यास करत असाल, तर ते आधी थांबवा. दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते आणि प्रौढांना किमान ७ तास झोप लागते.

राहिले टॉनिक. निरोगी माणसाची स्मरणशक्ती त्याने वाढते, याला भक्कम पुरावा नाही. त्या पैशांत ‘बी १२’ आणि थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. यांतील कमतरतेमुळेही विसराळूपणा येतो आणि ती औषधाने भरून काढता येते. ‘बी १२’ मुख्यतः मांस, मासे, अंडी व दुधातून मिळत असल्याने शाकाहारी असाल, तर तपासणी अधिक आवश्यक. मात्र नेहमीचा रस्ता चुकू लागला किंवा तोच प्रश्न आपण पुन्हा पुन्हा विचारता असे घरच्यांनी सांगितले, तर वेळ न दवडता न्यूरॉलॉजिस्टकडे जावे.