आधी वडिलांचं रक्त द्या, तुमचं नंतर

ताई, वडिलांच्या मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप (आतल्या अस्तरावरच्या छोट्या गाठी) निघाले, आम्ही तिघं भावंडं ठणठणीत, जीन टेस्ट आधी कोणाची करू, असं तुम्ही चोपड्याहून विचारलंय. आम्ही भुसावळचे. आमच्याही घरात हाच प्रश्न होता आणि आम्ही तो चुकवला.

आधी वडिलांची. ते आहेत तोवर.

आमचे वडील गेल्यावर आम्हाला जाग आली. मी, धडधाकट माणूस, एका कलेक्शन सेंटरवर रक्त देऊन आलो. रिपोर्टमध्ये दोष सापडला नाही. तिथला माणूस म्हणाला, "सुटले तुम्ही सगळे." आईने देवापुढे साखर ठेवली. धाकट्या भावाने कोलोनोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीने आतडं तपासायची, ठरलेली तारीख रद्द केली. तीन वर्षांनी त्याला रक्त पडायला लागलं, तर वर्षभर मूळव्याधीचीच औषधं. मुंबईला नेलं तेव्हा आतडं पॉलिपने भरलेलं, एकात कॅन्सर. मोठं आतडं काढावं लागलं. तो रिपोर्ट हातात घेऊन आम्ही चार वर्षं घालवली, याचा राग अजून जात नाही.

हा शेकडो पॉलिपचा अनुवंशिक आजार म्हणजे एफएपी. त्यात एपीसी नावाच्या जीनमधला दोष प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येकाचा हिशोब वेगळा. माझ्या रिपोर्टचा भावाशी संबंधच नव्हता. घरातला नेमका दोष आजारी माणसात सापडल्याशिवाय माझं 'निगेटिव्ह' मलाही भरवशाचं नव्हतं. पुढे भावाच्या रक्तात तो सापडला, तोच माझ्यात शोधला, नव्हता. तेव्हा मी खरा सुटलो.

मी डॉक्टर नाही, पण माझं मत ठाम आहे: समुपदेशनाशिवाय ही टेस्ट करूच नका. टाटा मेमोरियलमध्ये अनुवंशिक कॅन्सरचं क्लिनिक आहे. वडिलांच्या रिपोर्टमध्ये काही सापडलं नाही तरी तुमची कोलोनोस्कोपी सोडू नका. एमयूटीवायएचसारखे दुसरे जीनही असतात, त्यात दोष आई आणि वडील दोघांकडून येतो. एफएपीवर उपचार झाले नाहीत तर चाळिशी-पन्नाशीपर्यंत बहुतेकांना कॅन्सर होतो, म्हणून दोष असलेल्या मुलांची तपासणी दहा-बारा वर्षांपासूनच सुरू करतात.

वडिलांच्या बायोप्सीचा ब्लॉकही (तपासणीला काढलेला, मेणात जपलेला तुकडा) हॉस्पिटलकडून मागून ठेवा, आमचा हरवला. आणि आत्याला आजच फोन करा. त्यांच्याही मुलांचा प्रश्न आहे.